वरच्या पाच ओळी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, तुमच्या कामाविषयी लिहा. मी विचारलं, कोणत्या? देऊळघाटला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान मी चाळीस वर्षं चालवलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पार्ट गेला तर बदलायचा, तार सुटली तर सोल्डर मारायचं, गिऱ्हाईक घरी पाठवायचं. त्यावर पोट भरलं. सांगण्यासारखं काम दुसरंच होतं, आणि त्यावर कधी पोट भरलं नाही. ते पत्रांच्या थैलीचं.

मी सातवी पास. घरात लिहिणं-वाचणं हे माझ्या बायकोचं, कमलचं खातं होतं. ती मॅट्रिक. तिला जाऊन दीड वर्ष झालं, म्हणून हे मलाच लिहावं लागून राहिलं. चुका असतील त्या असू द्या.

आधी थैली म्हणजे काय ते सांगतो.

इंटरनेट गावोगाव पोचायच्या आधी हौशी लोकांची एक तऱ्हा होती. कोणीतरी आपल्या कॉम्प्युटरला मोडेम नावाची डबी आणि फोनची तार जोडून ठेवायचा. दुसरा हौशी आपल्या कॉम्प्युटरवरून त्या नंबरला फोन लावायचा. माणसं बोलत नसत, डब्या एकमेकींवर किंचाळत. किंचाळणं थांबलं की समजायचं, जमलं. मग पत्रं इकडची तिकडे जात. याला बोर्ड म्हणत. शाळेत सूचनांचा फळा असतो तसा हा फोनवरचा फळा. कोणीही लिहावं, कोणीही वाचावं.

शहरातले लोक इंटरनेटवर गेले तेव्हा त्यांचे मोडेम भंगारात निघाले आणि आमच्याकडे आले. त्यामुळे पुण्या-मुंबईत जे संपलं होतं ते आमच्या बुलडाणा जिल्ह्यात तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. माझ्या दुकानात एक बोर्ड, मलकापूरला एक, आणि मध्ये सात-आठ गावांतले एसटीडी बूथवाले. त्यांच्याकडे कॉम्प्युटर होते, तेही कोणीतरी टाकून दिलेले.

पत्रं एकेक करून पाठवली तर फोन तासभर अडकून राहतो. म्हणून सगळी पत्रं दाबून एका फाईलीत भरायची, ती पाठवायची, आणि पोचल्यावर उघडून ज्याची त्याला लावायची. हे काम करणारा जो छोटा प्रोग्राम, त्याचं नाव थैली. लिहिला होता नागपूरच्या एका वीज हापिसातल्या बाबूंनी. त्यांचा शौक संपला तेव्हा त्यांनी दोन फ्लॉप्या एसटीच्या पार्सलनं मला पाठवल्या. चिठ्ठीत एवढंच, "आता हे तुमचं."

माझं इंग्रजी म्हणजे पार्टवरचे नंबर. कमल डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायची.

"इफ म्हणजे जर. एल्स म्हणजे नाईतर."

"मंग असं म्हण नं, जर दाबला तर लागते, नाईतर नाई लागत. स्विच आहे हा."

"स्विचच आहे बापा सारा. एवढ्यासाठी इंग्रजी कायले लागते?"

असे आम्ही तो प्रोग्राम शिकलो. तिनं शब्द सांगायचा, मी त्याची वायरिंग लावायची. वर्षभरात मला त्यातली ओळ न् ओळ कळायला लागली. मग मी सुधारणा सुरू केल्या. लाईन मध्येच तुटली तर राहिलेली थैली पुढे पाठवायची, हे मी घातलं. वीज जाऊन आली तर जिथं थांबलो तिथून उचलायचं, हेही मी घातलं. नागपूरचे बाबू एकदा फोनवर म्हणाले, "तुम्ही तर माझ्या प्रोग्रामचं ट्रॅक्टर केलं." मला ते शाबासकीसारखं वाटलं. अजून वाटते.

गिऱ्हाईकं चमत्कारिक होती. एक रिटायर हेडमास्तर स्वतः कधी पत्र लिहीत नसत, दुसऱ्यांच्या पत्रांतल्या चुका काढून पाठवत. चिखलीचे एक कापडवाले आणि मेहकरचे एक कंपौंडर बोर्डावर बुद्धिबळ खेळत, रोज एक चाल. कापडवाल्यांचा एक डाव तीन महिने चालला होता.

मग बीटी कपाशी आली, आणि दोन-तीन हंगामांत बोर्डावर दुसरं काही उरलं नाही. अळी कमी झाली हे खरं. पण कपाशीला रोज नवं दुखणं. कुठं तुडतुडे, कुठं पानं वळली, कुठं झाड उभ्या-उभ्या सुकलं. पाकिटावर जे लिहिलेलं असे त्यात यातलं काही नसे. मलकापूरच्या बोर्डावर शेतीखात्यातून रिटायर झालेले एक साहेब बसत. फुकट उत्तरं देत, आणि उत्तरं बरोबर निघत. म्हणून लोक बूथवर येऊन पत्रं टाकायला लागले. बूथवाला कागदावरचं पत्र इंग्रजी अक्षरांत मराठी करून टाईप करी, थैली माझ्याकडे येई, मी लावून मलकापूरला पाठवी. उत्तर त्याच रस्त्यानं परत.

आता माझी चूक सांगतो.

लाईन तुटली की काही बूथवाले घाबरून सगळी थैली पहिल्यापासून पुन्हा पाठवत, आणि त्यातली पत्रं दुबार येत. कधी तिबार. मलकापूरच्या साहेबांनी एक दिवस फोन केला. "अहो, जानेफळच्या एकाच माणसाला मी कपाशीवरचा मावा घालवायचा उपाय तीनदा सांगितला. तो काय म्हणेल, साहेब भ्रमिष्ट झाला?"

मी म्हटलं, बंदोबस्त करतो.

शहरातल्या प्रोग्रामात पत्राचा नंबर आणि तारीख पाहून दुबार ओळखत. आमच्याकडे ते चालणार नव्हतं. बूथवाल्यांच्या कॉम्प्युटरातले घड्याळाचे सेल मेलेले. वीज गेली की तारीख परत एक जानेवारी ऐंशी, आणि नंबर परत एकपासून. अर्ध्या जिल्ह्याची पत्रं एकाच दिवशी लिहिलेली. पूर्ण पत्र पूर्ण पत्राशी ताडून पाहावं, तर खराब लाईनमुळे खाली-खाली कचरा अक्षरं घुसत, आणि माझं मशीनही म्हातारं. म्हणून मी ठरवलं, पत्राच्या वरच्या पाच ओळी पाहायच्या. एका आठवड्यात एकाच गावाहून आलेल्या दोन पत्रांच्या पाचही ओळी सारख्या असल्या, तर दुसरं दुबार. फेकून द्यायचं.

पहिल्याच आठवड्यात कापडवाले दुकानात आले. "तुमच्या मशीननं मायी चाल खाल्ली! कंपौंडर म्हणते, मी डाव सोडून पळालो!"

त्यांचं पत्र म्हणजे एकच ओळ, कोणतं मोहरं कुठं. एका डावात दोनदा तीच चाल आली, थैलीनं दुसरी फेकली. मी हसलो आणि प्रोग्रामात घातलं, पाच ओळींपेक्षा लहान पत्राला हात लावायचा नाही. कापडवाले खूश. तो इशारा होता. मी त्याला टाका मारला आणि विसरलो. दुरुस्तीवाल्याची ही जुनी खोड आहे. आवाज बंद झाला की पेटी मिटवायची, आवाज आला कशानं ते पाहायचं नाही.

थैली काम संपवताना पडद्यावर एक ओळ दाखवी, "दुबार इतकी, फेकली." तो आकडा मोठा दिसला की मला बरं वाटे. साहेबांची तेवढी मेहनत वाचली, असं मी धरून चालायचो.

कमल दुपारचा चहा घेऊन दुकानात येई आणि बोर्डावरची पत्रं वाची. तिला तो शौक होता. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळं तिला पाठ. एक दिवस म्हणाली, "धामणगावचे लोक मुके झाले काय वो?"

धामणगाव बढे मोताळ्याच्या बाजूला. तिथं सलीमभाईंचा बूथ होता. आठवडी बाजाराच्या दिवशी लोक बूथवर येत, म्हणून बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तिथून दहा-बारा पत्रं ठरलेली.

"एकच आलं या बाजारले. मागच्या बाजारलेही एकच," ती म्हणाली.

"पिकं चांगली असतील. कायले लिहितील?"

"लाल्या सुरू आहे साऱ्या जिल्ह्यात. धामणगावालेच माफ केलं का त्यानं?"

लाल्या म्हणजे कपाशीची पानं लाल पडून झाड थकते, तो रोग. मी म्हटलं, "प्रोग्राम बरोबर आहे. तू चहा दे."

पुढच्या बाजारालाही एकच पत्र आलं. ती म्हणाली, "जे फेकलं त्यातलं एक मले वाचू द्या."

"फेकलेलं राहत नाही. जागा लागते त्याले."

"म्हंजे काय फेकलं ते तुमालेही माहीत नाई?"

खरं म्हणजे राग आला. ज्या बाईनं मला जर-तर शिकवलं तिनं माझ्या कामात खोट काढावी, हे मला सोसलं नाही. पण दुपारी सलीमभाईंना फोन लावला.

"भाऊ, मीच तुमाले इचारणार होतो," ते म्हणाले. "लोक मले खाऊन राह्यले. जवाब काऊन येत नाई म्हंतात. मी म्हटलं, साहेब बिमार असतील, बाजाराले एकच जवाब येऊन राह्यला."

"तुमी पत्रं किती पाठवली?"

"मागल्या बाजारले चौदा. कसम से, एकेक टाईप केलं."

माझ्या पडद्यावर त्या दिवशी ओळ होती, दुबार तेरा, फेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. बुलडाणा, मग राजूरचा घाट उतरून मोताळा, मग धामणगाव. घाटात कमल एवढंच बोलली, "तिथं सलीमभाईवर ढकलाल तर मी परत तुमच्या दुकानात पाय नाई ठेवणार."

सलीमभाईंनी पत्रांचे कागद जपून ठेवले होते, एका जाड तारेत टोचून. त्यांचे वालिद, म्हणजे वडील, पोस्टाच्या पायरीवर बसून लोकांची पत्रं लिहून देत. ते सांगायचे, पत्राची इज्जत वरच्या ओळींत असते, आणि एकाचं पत्र दुसऱ्याला सांगायचं नसते. सलीमभाई दोन्ही पाळत. माणूस येऊन कागदावर फक्त आपलं दुखणं लिही किंवा तोंडानं सांगे. वरचं सलीमभाई स्वतः घालत. सगळ्यांना सारखं. ते असं:

सप्रेम नमस्कार.
इकडे वरच्याच्या मेहरबानीनं सर्व खुशाल आहे.
तिकडची खुशाली कळवत जावी.
थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.
पत्रास कारण की,

मोजून पाच ओळी. माझा प्रोग्राम "पत्रास कारण की" इथपर्यंत वाचे आणि थांबे. कारण काय ते त्यानं एकदाही वाचलं नाही. बाजारातलं पहिलं पत्र पुढे जाई, बाकी सगळी त्याची नक्कल म्हणून कचऱ्यात.

कमल तारेवरून एकेक कागद काढून वाचायला लागली. बरीचशी पत्रं उशीर झाला तरी चालण्यासारखी होती. एकावर ती थांबली. मोठ्यानं वाचलं. "तीन एकर बीटी लाल पडली आहे. मालक सुरतेला गिरणीत आहेत, विचारायले कोणी नाही. उपटून हरभरा पेरू का ठेवू? आठ दिवसांत सांगा, नाहीतर हरभऱ्याची वेळ जाते. कोकिळाबाई."

"हे कोणत्या बाजारचं?" मी विचारलं.

"पयल्या," सलीमभाई म्हणाले. "दुसऱ्या बाजारले बिचारी उगाच दोन घंटे बसून राह्यली इथं. जवाब आला का, जवाब आला का."

तीन बाजार झाले होते.

कोकिळाबाईंचं वावर गावापासून कोसभर. आम्ही तिघं चालत गेलो. दुरूनच दिसलं. बांधाला लावून उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, बोंडांसकट. वावर मोकळं, त्यात हरभरा पेरलेल्या तिफणीच्या ओळी. आणि त्याच बांधाच्या पलीकडे दुसरं वावर, कपाशी उभी, खालची पानं लाल पण वरून हिरवी फूट आलेली, बोंडं भरत आलेली. ते त्यांच्या दिराचं. पहिल्या बाजारी त्याचं पत्र कोकिळाबाईंच्या आधी टाईप झालं होतं. त्याला साहेबांचं उत्तर मिळालं होतं. उपटू नका, रोग नाही, जमिनीत कमी पडलं आहे, मॅग्नेशियम सल्फेट फवारा. दीर-भावजयीत बोलचाल नव्हती. सलीमभाईंनी उत्तर दिराच्या हातात दिलं आणि वालिदांच्या शिकवणीप्रमाणे तोंड बंद ठेवलं.

कोकिळाबाई बांधावर बसून भाकर खात होत्या. चाळिशीच्या असतील. सलीमभाईंना पाहून म्हणाल्या, "आता आणला जवाब? सांजच्याले चूल पेटवाले घेते त्याले."

सलीमभाई खाली पाहायला लागले. कमल माझ्याकडे पाहत होती.

मी म्हटलं, "बाई, सलीमभाईंनी पत्र पाठवलं होतं. मी फेकलं. म्हणजे माझ्या मशीननं. ते मशीन मीच बनवलं."

"काऊन फेकलं?"

"वरच्या पाच ओळी सारख्या होत्या. तुमची अन् तुमच्या दिराची. मशीनला वाटलं, एकच पत्र आहे."

त्यांनी भाकर खाली ठेवली. "वरच्या ओळी तं साऱ्याईच्याच सारख्या राह्यतात. खुशाल आहे, खुशाल आहे. खाली पाह्यलं नाई तुमच्या मशीननं?"

"नाही."

"मंग त्याले मशीन कायले म्हंता? माणसासारखंच आहे ते."

त्यांनी पलीकडच्या कपाशीकडे हात केला. "तिकडे काय फवारलं?" मी सांगितलं. त्यांनी बांधावरची जागा पदरानं झाडली. मग कमलला म्हणाल्या, "बसा बाई. घाट उतरून आल्या तुमी. भाकर खा." कमल बसली आणि खाल्ली. मी उभा राहिलो. मला कोणी बस म्हटलं नाही.

घरी आल्यावर मी थैलीत दोन गोष्टी बदलल्या. एक, "पत्रास कारण की" याच्या खालूनच पाहायचं, वरचं सोडून द्यायचं. दुसरं, काही झालं तरी फेकायचं नाही. संशय आला तर पत्र एका बाजूच्या थैलीत ठेवायचं आणि माणसानं वाचून ठरवायचं. नागपूरच्या बाबूंना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मग प्रोग्रामचा उपयोग काय? माणूसच बसवायचा असेल तर?"

मी म्हटलं, "बसवला."

बोर्ड बंद होईपर्यंत ती बाजूची थैली कमलनं वाचली. रोज दुपारी, चहाच्या वेळी. त्यात खरी दुबार पत्रं पुष्कळ निघत. तरी ती प्रत्येक पत्र खालपर्यंत वाची. मी म्हणायचो, "अवं, हे कालचंच आहे." ती म्हणायची, "असू द्या. कालच्यापेक्षा एक ओळ जास्त असंल तर?" दोनदा खरंच होती.

बोर्ड पुढे पाच वर्षं चालला. मग मोबाईल आले, साहेब वारले, बूथवाल्यांनी झेरॉक्सची मशीनं टाकली. थैलीचं शेवटचं रूप माझ्याकडे फ्लॉपीवर आहे, पण ती वाचणारं मशीन आता कुठं मिळत नाही.

कमलनं कोकिळाबाईंना सोडलं नाही. मोताळ्याला तिची बहीण दिली होती. दर साली तिकडे गेली की धामणगावाला जाऊन यायची. परत आली की मी विचारी, "काय म्हणतात?" ती सांगे, "त्या सालचा हरभरा चांगला झाला होता म्हणे. कपाशी गेली पण हरभऱ्यानं हात दिला." दर वर्षी विचारायची आणि दर वर्षी तेच उत्तर आणायची. मला त्याचा आधार होता. माझ्या चुकीनं एका बाईचं साल बुडालं नाही, थोडक्यात निभावलं, असं मी धरून चाललो. दुबारच्या आकड्याचं धरून चाललो होतो तसंच.

कमल गेली तेव्हा मोबाईलवर खूप निरोप आले. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. फूल आणि हात जोडलेले. सगळे एकसारखे. भाचा म्हणाला, "मामा, पुसून टाकू का? मोबाईल भरला." मी म्हटलं, हात लावू नको. एकेक उघडून खालपर्यंत वाचला. बहुतेकांच्या खाली काही नव्हतं.

तेराव्यानंतर पोस्टानं एक पाकीट आलं, धामणगावाहून. सलीमभाई आता ऑनलाईन फॉर्म भरून देतात, पण पत्रं अजून लिहितात. छापलेला कागद होता. सप्रेम नमस्कार. इकडे वरच्याच्या मेहरबानीनं सर्व खुशाल आहे. तिकडची खुशाली कळवत जावी. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पत्रास कारण की,

"बाई गेल्याचं कळलं. बाई दर साली इचारे, हरभरा कसा झाला होता. मी चांगला सांगे. तो झाला नव्हता. जमिनीत ओल नव्हती, अर्धा उगवलाच नाई. उगवला तो घाटे भरायच्या आधी वाळला. मालकानं सुरतेहून पाठवलं ते खाल्लं आमी. बाईले सांगतलं असतं तं त्या रडल्या असत्या, म्हणून नाई सांगतलं. तुमाले सांगते. चूक तुमची होती. कोकिळाबाई."

पत्र मी त्या दिवशी तीनदा वाचलं. मग उत्तर लिहायला बसलो. आयुष्यात स्वतःच्या हातानं लिहिलेलं माझं हे पहिलं पूर्ण पत्र, याआधी सगळी कमलनं लिहिली. वरच्या पाच ओळी सलीमभाईंच्याच घातल्या. खुशालीचीही घातली, ती घालायचीच असते. मग खाली लिहिलं:

"बाई, चूक माझीच होती. कमलला सांगितलं नाही, हे तुम्ही बरं केलं. मला सांगितलं, हेही बरं केलं. औंदा वावरात काय आहे ते कळवा. ती विचारायची, आता मी विचारतो. जे असेल ते खरं लिहा. मी खालपर्यंत वाचतो."